थेट विहिरीतून

बोरटोला, किरनापूरजवळ
ता. १२ मे १९६८, रविवार

आपल्या विहिरीच्या तोंडीवर लाल रंगानं ‘अशुद्ध’ लिहून ठेवलं आहे. हाताएवढे अक्षरं आहेत, सडकेवून दिसतेत. ज्याले वाचता येत नाही त्याले शेजारचा वाचून दाखवते. अन् ज्या कागदावून हे रंगवलं, त्या कागदाच्या खाली सही तुही आहे.

आता जयभीम. हे आंधी लिहाचं असते, रात्रशाळेत मले तसंच शिकवलं होतं. पन वरची गोष्ट पोटात धरून माह्यानं जयभीम लिहनं होत नव्हतं.

माही तब्येत बरी आहे. तुहा बाप मँगनीजच्या खदानीवर आहे, बजाराच्या दिवशी येते अन् दुसऱ्या दिवशी चालला जाते. म्हैस अजून व्याली नाही. औंदा आंबा कमी आहे. तुही माय बरी आहे म्हनाव का नाही ते मले ठाऊक नाही, ती बोलत नाही. तुही बहीन शीला म्हने, आजी, तू सांग, मी लिहून देते. तिचं अक्षर चांगलं आहे, पन ती गोड करून लिहते. मले गोड लिहाचं नाही. म्हनून मीच लिहून राह्यली. अक्षर पाहून हासू नको, तुह्या जबलपूरच्या पानी तपासाच्या हपीसात ज्याले दाखवाचं त्याले दाखव.

चैताच्या मयन्यात तो हेल्थ इन्स्पेक्टर आलता. सोबत चपराशी अन् भुसा भरलेली पेटी, पेटीत बाटल्या. पयले मालगुजाराच्या विहिरीवर गेला. आता मालगुजारी राह्यली नाही, पन विहीर त्याच्याच नावानं आहे अन् त्याचा नातू घनश्याम सरपंच आहे. तिथं इन्स्पेक्टरनं जोडे काढले. बाटलीच्या गळ्याले सुतळी बांधली, आपल्या हातानं खाली सोडली, भरली, वर घेतली, बूच लावलं. सगळं कसं झ्याक. आमी दुरून पाह्यलं.

मंग तो आपल्या वस्तीत, टोल्यात आला. आपल्या विहिरीपाशी आलाच नाही. मोहाच्या झाडाखाली उभा राह्यला अन् तिथूनच म्हने, “ऐ बाई, पानी ला।”

मी ओट्यावर चिंचा फोडत होती. मी म्हनलं, “साहेब, दोर आहे, बालटी आहे, विहीर तुमच्या समोर आहे. तिकडे तर सोता काढलं.”

“ज्यादा बात नहीं। टाइम नहीं है।”

मंग घागरीत पानी आनून देल्लं. त्यानं हात पुरा लांब केला, बाटली खाली धरली, अन् म्हने, “ऊपर से डाल। छूना मत।”

मोतीलाल, हे शब्द माह्या कानाले नवीन नाहीत. मी पोट्टी होती तवा मालगुजाराच्या विहिरीपासून दूर बसून राहाची. कोनाले फुरसत भेटली तर तो वरतून वताचा अन् आमी खाली ओंजळ धराचो. अर्ध पानी कोपरावून वाहून जाये. ते भोगलं म्हनून तर दीक्षा घेऊन आल्यावर तुह्या आजानं, डोमाजीनं, पयले कुदळ उचलली. बाकी लोक म्हनत, पयले घरं शाकारू. तो म्हने, पयले पानी. सगळा टोला खपला. तू शाळेतून आला का टोपल्यानं माती वाहाचा, तुह्या टाळूवर केस राह्यले नव्हते. त्या विहिरीची तोंडी आमी उंच बांधली का ढोरानं तोंड घालू नये. ढोराले पियाची डोनी लांब ठेवली. आंगोळीचं पानी वाहून जायासाठी नाली काढली. विहिरीत शेन पडन कुठून?

तर त्या दिवशी त्यानं खाली बाटली धरली अन् वरतून आपल्या घरच्या घागरीतून पानी पडलं. मले हासू आलं. वाटलं, आज सरकार ओंजळ धरून उभं आहे. दोन थेंब त्याच्या बोटाले लागले. त्यानं मालगुजाराकडून तांब्या मांगवला अन् हात धुतला. त्याचं बी मले हासूच आलं. हासाले नव्हतं पायजे.

मंग कागद आला. चावडीवर सगळे जमले. कागद इंग्रजीत, पुनाराम मास्तरनं वाचून दाखवला. म्हने, मालगुजाराच्या विहिरीचं पानी चांगलं आहे. टोल्याच्या विहिरीचं पियाच्या लायक नाही, त्यात शेनामुतातले जंतू आहेत. खाली सही, एम. एम. रामटेके. मास्तरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“शेवंताबाई, हा आपला मोतीलाल तर नाही?”

घनश्याम म्हने, “तुमच्याच पोरानं लिहलं बाई. आता आमाले शिव्या नका देऊ.”

चावडी हासली. आपले लोक खाली मान घालून उभे. मी मान खाली घातली नाही, तशीच घरी आली.

दुसऱ्या दिवशी चपराशी रंगाचा डबा घेऊन आला अन् ते लिहून गेला. कोतवालानं विहिरीचा दोर सोडला, वरचं चाक काढून चावडीत नेऊन ठेवलं.

घनश्यामची काकी रुख्माबाई मले बजारात भेटली. तिनं माह्या टोपलीतल्या चिंचेकडं पाह्यलं, घेतली नाही. मंग सोबतच्या बाईले म्हने, “आमच्या आजासासऱ्यानं हेच सांगतलं होतं. त्याले कुठं मशीन लागली होती?”

तू सांग, याच्यावर मी काय बोलाव. तुले शिकवलं कशासाठी? रुख्माबाईच्या आजासासऱ्याची गोष्ट मशीन लावून खरी करासाठी?

आता पियाचं कसं ते ऐक. मालगुजाराच्या विहिरीवर आमाले दोर लावू देत नाही. कायदा आहे म्हनतेत. असन, पन तो किरनापूरच्या ठान्यात राहते, इथं मुक्कामाले येत नाही. म्हनून बाया नाल्याच्या रेतीत झिरा खोदतेत अन् वाटीवाटीनं पानी भरतेत. त्याच्या वरच्या अंगाले म्हशी लोळतेत. शांताबाईच्या नातवाले हगवन लागली आहे, पोट्टा सुकून काडी झाला. त्या झिऱ्याच्या पान्याची बाटली भराले कोनी येत नाही. तिथं लाल रंग लावाले तोंडी नाही.

मी विहिरीचंच पिते. म्हशीचं दावं अन् घरची बालटी घेऊन सकाळीच जाते. कोतवाल पाह्यते अन् बिडी पेटवाले तोंड फिरवते. मेली नाही, तुले पत्र लिहून राह्यली.

खरी गोष्ट पुढं आहे. पंचायतीनं ठराव केला का पावसाच्या आंधी विहीर मुरूम टाकून बुजवाची. म्हने गावाच्या आरोग्यासाठी. विहीर एकदा बुजली का आपल्या लोकांयच्या अंगात परत खोदाची ताकद राह्यली नाही. तुहा आजा गेला, त्याच्या बरोबरचे अर्धे गेले, जवान पोट्टे खदानीत आहेत. मंग परत दूर बसून वाट पाहाची.

मी तुले खोटं लिही म्हनत नाही. सरकारच्या कागदावर खोटं लिहनारे गंज आहेत, मोजता येत नाहीत, त्यात आपल्या घरचा नको. फक्त येवढं सांग का तू कोन्या पान्यावर सही केली. त्याच विहिरीचं पानी पिऊन तू म्याट्रिक झाला. तुह्या पोटात तवा कोन्ते जंतू होते तेही लिही.

जबाब दे. गप बसला तर मी समजीन का तुले बी ते अक्षरं पसंत आहेत.

तुही आजी
शेवंता


बोरटोला
ता. २ जून १९६८, रविवार

जयभीम. या वेळी आंधी लिहला.

तुहं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. पयल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा बी आला, पन दुसऱ्या जागी आला.

तू लिहतं का तू ‘अशुद्ध’ लिहलंच नाही. तू इंग्रजीत ‘पियाले योग्य नाही’ असं लिहलं अन् हिंदी त्या इन्स्पेक्टरनं केलं. बरं. मालगुजाराच्या विहिरीचं पानी खराब निंगालं असतं तर त्यानं तिथं काय लिहलं असतं? ‘पीने योग्य नहीं’ लिहलं असतं. तो शब्द त्याले येते. आपल्या विहिरीपाशी आल्यावर त्याले दुसरा सुचला. शब्द रंगाच्या डब्यात नसते, राजा.

तू लिहतं का विहिरीत ब्लिचिंग पावडर टाका, बुजवाची गरज नाही. पंचायतीले आलेला पावडरचा डबा सरपंचाच्या घरी ठेवला आहे. त्याच्या सुनेच्या चादरी पाह्य येऊन, कशा बगळ्यासारख्या झाल्या.

अन् तू लिहतं का बाटलीसंग चिठ्ठी आलती, तिच्यावर इन्स्पेक्टरच्या हातानं लिहलं होतं, पानी थेट विहिरीतून घेतलं. म्हनून तुले शंका आली नाही.

थेट.

हे मी तुह्या मायले वाचून दाखवलं. ती चूल फुकत होती. तिनं फुकनी खाली ठेवली अन् म्हने, “परत वाचा.” मी परत वाचलं. ती म्हने, “म्हंजे त्यानं लिहलं का त्यानं सोता काढलं?” मी म्हनलं, हौ. ती उठून बाहेर गेली. भात करपला.

तू इचारतं का आजी, पानी कोनी काढलं, कोन्या भांड्यानं, सगळं खरं लिहून पाठव, तरच मले साहेबापुढं तोंड उघडता येईन. हेच तू कागदावर सही कराच्या आंधी काहून नाही इचारलं? बोरटोला हे नाव वाचून तुहा हात थांबला नाही का?

याचा बी जबाब तू देल्लाच आहे. थांबला होता म्हनतं. अन् थांबला म्हनूनच कागद पुढं सरकवला. रामटेकेनं आपल्या गावची बाटली बाजूले काढली असं कोनी म्हनू नये, म्हनून. त्या हपीसात तू कसा बसत असशीन ते मले यातून समजलं. हे तू बरोबर केलं का चूक, ते मी अजून ठरवलं नाही.

आता तू इचारलं ते लिहते. मांगच्या पत्रात मी लिहलं का पानी आनून देल्लं. कोनी, ते लिहलं नाही. तुह्या मायनं.

गोदा सकाळचा सडा टाकत होती. हातात सड्याची घागर, तीच ती दबलेली, जिच्यात शेन कालवतो. तो झाडाखालून वरडला. पियाच्या पान्याचा पितळी गुंड घरात होता, तो आनाले ती आत जाऊन राह्यली होती. त्यानं म्हनलं, “किधर जा रही है, जल्दी कर।” तुह्या मायले ठाऊक आहे तुले, कोनी पँटवाला मोठ्यानं बोलला का तिचे पाय तिथंच रोवले जातेत. ती फिरली. तीच घागर विहिरीवर नेली, दोन वेळा विसळली, भरली अन् आनली. पानी निवळ होतं. मी ओट्यावून पाह्यलं. मले घागर दिसली. मी बोलली नाही, कारन मले ते ओंजळीचं हासू येऊन राह्यलं होतं.

चावडीवर मास्तरनं शेनाचे जंतू म्हनलं तवा तिनं माह्याकडं पाह्यलं. घरी आल्यावर म्हने, “आत्याबाई, मी जाऊन सांगू का?”

मी म्हनलं, “सांग. जा. म्हनाव, आमी शेनाच्या घागरीतलं पानी साहेबाले देतो. आतापरेंत विहीर बाटली आहे, आता घरं बी बाटवून ये.”

तवापासून ती बोलत नव्हती. हे मले ठाऊक होतं, अन् मी तुले लिहलं का मले ठाऊक नाही.

पन तू बी इचार कर. माह्या जागी तू असता तर काय केलं असतं? विहीर चांगली म्हनाव तर घर घान म्हनाव लागते. घर चांगलं म्हनाव तर विहीर जाते. दोन्हीकडून आमचंच तोंड काळं. अन् तो मानूस, जो पाच पावलं चालून आला असता, दोराले हात लावला असता तर यातलं काही झालं नसतं, त्याचं नाव कुठंच येत नाही. त्यानं ‘थेट’ लिहलं अन् मोकळा झाला. ‘मी त्या दोराले हात लावला नाही’ असं तो कसं लिहन? लिहलं असतं तर तोच शिवाशिवीचा गुन्हा होता. म्हनून त्यानं एक शब्द खोटा लिहला, अन् त्या शब्दाच्या खाली तुहा खरा कागद उभा राह्यला. खोटं त्याचं, खरं तुहं, अन् लाल रंग आमाले.

मी हे तुले लिहाचं का नाही यातच दोन दिवस घालवले. तेवढ्यात परवा मुरमाच्या गाड्या आल्या.

सकाळची वेळ. गाड्या विहिरीपाशी लागल्या. गाडीवान फकिरा, तो आपल्यातलाच, खाली पाहून बैल हाकत होता. बिचाऱ्याले मजुरी पायजे. घनश्याम छत्री घेऊन उभा, कोतवाल उभा, पुनाराम मास्तर आलता, रुख्माबाई तिच्या सुनायले घेऊन तमाशा पाहाले आलती. आपला टोला एका बाजूले. मी बोलाले सुरवात केली. कायदा, ठान्याची धमकी, तुहा आजा, सगळं काढलं. घनश्याम म्हने, “बुढी, कागद आन. बोलनं गंज झालं.”

तवा तुही माय घरातून निंगाली. कंबरेवर तीच घागर. मले वाटलं हिले याड लागलं. ती सरळ सगळ्यायच्या मधात आली, अन् घागर मुरमाच्या गाडीवर ठेवली.

“साहेब त्या दिवशी झाडाखाली उभे होते,” ती म्हने. आवाज येवढासा, पन सगळे गप झाले म्हनून ऐकू आला. “विहिरीपाशी आले नाही. मी ह्या घागरीनं पानी देल्लं. ही सड्याची घागर आहे. शेन कालवाची.”

रुख्माबाईनं पदर नाकाले लावला. “आगं माय. शेनाचं पानी देतेत साहेबाले, अन् वर सांगाले येतेत.”

“हौ बाई,” गोदा म्हने. “शेनाचीच. तुमच्या गोठ्याचं शेन मीच काढते, तवा नाही तुमी नाक धरत.”

फकिराले हासू आलं, त्यानं ते बैलाच्या अंगावर खोकलून टाकलं.

घनश्याम म्हने, “एका बाईच्या बोलन्यावर सरकारचा कागद खोटा होते का?”

“कागद खोटा नाही,” तुही माय म्हने. “माह्या पोराचा कागद आहे, खरा आहे. पन त्याच्यात लिहलं ते ह्या घागरीचं लिहलं. विहिरीचं अजून कोनी लिहलंच नाही.”

मोतीलाल, मी तुले सांगते, मी इतके वर्ष तोंड चालवलं, पन हे माह्या तोंडातून निंगालं नसतं.

पुनाराम मास्तरनं मंग तोंड उघडलं. एरवी तो सरपंचापुढं तोंड उघडत नाही. म्हने, “घनश्यामभाऊ, असं असन तर तपासनी झालीच नाही म्हनाव. उद्या वरतून कोनी इचारलं तर विहीर कोन्या आधारावर बुजवली म्हनून सांगनार? ठरावावर तुमची सही आहे.”

सही म्हनल्याबरोबर घनश्यामनं छत्री मिटली. तेवढ्यात गोदा विहिरीच्या तोंडीवर जाऊन बसली, त्या लाल अक्षरावरच, पाय आतल्या बाजूले सोडून. फकिरानं बैल सोडले अन् डोनीवर पानी पाजाले नेले. मंग घनश्याम म्हने, मुरूम इथंच वता, विहिरीच्या बाजूले. जबलपूरवून पावसाच्या आंधी दुसरा कागद आला तर ठीक, नाही आला तर मुरूम जागेवर आहेच, टोपल्यानं ढकलून देऊ.

तर तो ढीग आता विहिरीले टेकून पडला आहे. आभाळ रोज सांजच्याले भरून येते.

तू म्हनशीन का मायनं जिकलं. ते बी ऐकून घे. चावडीवरचे रिकामटेकडे तिले ‘शेनघागर’ म्हनतेत. ती सडकेनं गेली का मांगून आवाज येते, “शेनघागर, पानी पाज.” रुख्माबाईनं गोठ्याचं काम बंद केलं. अन् आपल्या टोल्यातल्या बाया काय म्हनतेत? म्हनतेत, गोदानं सगळ्यायच्या घराची अब्रू घालवली, आता सोयरिकीले कोनी आलं तर पानी घेनार नाही. शांताबाई येवढी एकटी म्हनली का बाई, तू बरं केलं, पन हळूच म्हनली. आपल्याच विहिरीसाठी तिनं हे केलं, अन् आपलेच तिच्यापासून घागर लांब धरतेत.

मले चांगलं बोलाची सवय नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिले येवढंच म्हनलं का भात खाऊन घे. तिनं खाल्ला.

तर आता तू काय कराचं ते ऐक. हे पत्र तुह्या साहेबाले वाचून दाखव. घागरीचं बी वाचून दाखव, लाज धरू नको, तुह्या मायनं धरली नाही. त्याले म्हनाव, दुसरी बाटली धाडा. तू सोता येऊ नको. तू आला तर घनश्याम म्हनन का घरच्यानं घरचं पानी पास केलं. दुसऱ्या कोनाले धाडा. कोन्या बी जातीचा असो, मले इचाराचं नाही. जोडे काढो का नको काढो. पन दोर त्यानं सोता धरला पायजे अन् बाटली त्यानं सोता बुडवली पायजे. आमी कोनी पान्याले हात लावनार नाही, दूर उभे राहू. दूर उभं राहाची सवय आहे. अन् ज्याले झाडाखालीच उभं राहाचं असन त्यानं जबलपूरलेच बसावं.

आलाच आहे तर झिऱ्याच्या पान्याची बी एक बाटली न्यावी. शांताबाईचा नातू अजून उठून बसत नाही.

अन् पानी खराब निंगालं तर खराब लिहा. मी काही म्हननार नाही. मुरूम मी सोता ढकलीन, कोनाले सांगाव लागनार नाही. पन विहिरीचं पानी तपासून लिहा, आमचं नाही.

घनश्यामले जो कागद पायजे तो हपीसातून पंचायतीले येईन, टाइपचा, शिक्क्याचा. तो वेगळा. घरी जबाब तूच लिहाचा, तुह्या साहेबानं नाही, शीलाच्या नावानं नाही, अन् माह्या नावानं तर नाहीच. लिफाफ्यावर लिही, गोदाबाई महागू रामटेके. पूर्न लिही. तिच्या नावानं आजपरेंत या घरात एक कागद आला नाही. डाकवाला चावडीपाशी सायकल लावून मोठ्यानं नावं घेते. जे तिथं बसून तिले शेनघागर म्हनतेत, त्याईनं ते नाव ऐकलं पायजे.

वाचून मी दाखवीन. आत काय लिहाचं ते मले इचारू नको, तुही माय आहे.

शेवंता